आई घर बघायला आली तेव्हा

सातपूर, नाशिक
बुधवार, २१ जानेवारी

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. रोज तर फोन होतो आपला. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी ‘आई, त्या शनिवारचं’ एवढं म्हटलं की तू म्हणतेस, दूध गॅसवर ठेवलंय, उतू जाईल. आई, आपल्याकडे संध्याकाळी दूध नसतं. सकाळी अर्धा लिटर येतं आणि दुपारच्या चहाला संपतं, हे मला ठाऊक नाही का. तरी मी ‘बरं, ठेव’ म्हणते, कारण तू फोन ठेवलास की मलाही सुटल्यासारखं होतं. म्हणून लिहिते आहे. तू सातवीपर्यंत शिकलीस, पण हाती येईल तो कागद वाचतेस, भज्यांच्या पुड्याचासुद्धा सोडत नाहीस. हाही वाचशील. चष्मा लावून बस. आणि शेजारच्या छायाला देण्याआधी एकदा तू एकटी वाच.

घराचं तुला अर्धंच माहीत आहे, कारण अर्धं मी सांगितलं नाही. मला घर घ्यायचं वेड लागलं ते हौसेनं नाही. सात वर्षांत मी पाच खोल्या बदलल्या. पाणी नीट येत नाही, कंपनी लांब पडते, असं काहीबाही तुला सांगत आले. त्यातल्या तीन खोल्या मी सोडल्या नव्हत्या, सोडायला लावल्या होत्या. श्रमिकनगरला मी आणि मोहिनी राहायचो ते आठवतं? तिच्या लग्नाला तू आली होतीस. तिथली घरमालकीण रोज वाटीभर भाजी आणून द्यायची. एकदा ती नळ बघायला आत आली आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तिनं पाहिला. बोलली काही नाही. भाजी मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झाली, आणि महिनाभरानं, भाचा शिकायला येणार आहे, खोली लागेल, असं सांगणं आलं. मोहिनी म्हणाली, भिंतीवर कशाला लावतेस, मनात असलं म्हणजे झालं. तिनं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पुढच्या खोलीत मी फोटो कपाटात ठेवला, ड्रेसच्या घड्यांमागे. त्या शनिवारी सकाळी तू टॉवेल काढायला कपाट उघडलंस तेव्हा तुला तो दिसला. मी चहा गाळता गाळता बघत होते. तू पदरानं त्याची काच पुसलीस, होता तसा परत ठेवलास आणि कपाट लावून घेतलंस. तेव्हाच तू मला चार शब्द सुनावले असतेस तर पुढचं घडलं नसतं, असं मला मध्ये दोन दिवस वाटत होतं. पण हे म्हणजे माझी चूक तुझ्या पदरात टाकणं झालं.

घरं दाखवणारा एजंट मला कंपनीतल्या एकीनं सुचवला होता. हिरामणभाऊ. पेठकडचा, डोंगरातला आदिवासी माणूस, बोलायला मोकळा. त्यानं दाखवलेली पहिली दोन घरं मला आवडली, मालकांनाही मी आवडले, मग त्यांनी गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, कोणत्या वस्तीत राहता ते विचारलं, आणि दोन दिवसांनी कळवलं की तूर्त विकायचं रहित केलंय. तिसरं घर बघायला जाताना जिन्यातच हिरामणभाऊ थांबला. म्हणाला, “ताई, निकम आडनाव दोन्हीकडं चालतं. तुम्ही होऊन काही सांगू नका. विचारलं तरी हसून घ्या. मी दहा वर्षं हेच करतोय. ज्या बिल्डिंगीत मला भाड्यानं खोली नाय दिली, तिथले तीन फ्लॅट मी विकून दिलेत.” तो हसला म्हणून मीही हसले. आई, ते हसणं तिथून माझ्या तोंडावर बसलं ते बसलंच.

ते तिसरं घर सुमनबाईंचं. सातपूर कॉलनीच्या मागच्या बाजूला, दुसरा मजला, एक खोली, एक हॉल आणि स्वयंपाकघर. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि मला दुसरं घर बघायचंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्यावर ऊन आलेलं होतं, गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावलेला होता. बाईंचे यजमान वारलेत, मुलगा पुण्याला असतो, त्याच्याकडे कायमचं जायचं म्हणून त्या घर विकत होत्या. त्यांनी मला बसवलं, पोहे दिले. मी गाड्यांचे सुटे भाग तपासते, पहिली पाळी असली की पहाटे उठते, हे ऐकून त्या हळहळल्या. म्हणाल्या, पोरीच्या जातीनं एकटीनं घर घ्यायचं म्हणजे केवढी हिंमत. मग विचारलं, “निकम म्हणजे बागलाणातले का गं? माझ्या मावशीचं सासर तिकडचं.” मी म्हणाले, नांदगावकडचे. “हो, तिकडेही आहेत आपले,” त्या म्हणाल्या. मी हसले.

एवढंच, आई. खोटं असं मी काहीच बोलले नव्हते. स्वतःला मी तेच सांगत होते. त्यानंतर महिनाभर मी तिथं जात राहिले. विसार दिला, बँकेनं कर्ज मंजूर केलं, खरेदीखताचा कच्चा कागद तयार झाला. सुमनबाई मला अंजू म्हणायला लागल्या, तू म्हणतेस तसंच. ही लाकडी मांडणी राहू देते तुला, म्हणाल्या. पडदे कुठे धुवायला टाकायचे, वरच्या मजल्याचं पाणी कुठून झिरपतं, सगळं समजावून सांगितलं. मी दर वेळी ठरवायचे की आज बोलायचं, आणि दर वेळी त्या इतक्या मायेनं बोलायच्या की वाटायचं, आता यांना काय फरक पडणार आहे. आणि फरक पडणार नसेल तर सांगायची तरी काय गरज. खोलीच्या मालकाला मी सांगून टाकलं की जानेवारीअखेर सोडते. त्यानं लगेच नवीन जोडपं बघितलं. सगळं इतकं जवळ आलं होतं की मला रात्री पाठ टेकली तरी त्या ओट्यावरचं ऊन दिसायचं.

आणि तू आलीस. मीच बोलावलं होतं तुला. तुझ्याशिवाय ते घर कुणाला दाखवणार होते मी. तू नवी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसलीस. मी म्हणाले, आई, थंडी आहे, वरून माझं जॅकेट घाल. थंडीचं कारण नव्हतं, हे तुला तेव्हाच कळलं असेल. तू म्हणालीस, “नको, साडी झाकती.”

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला लिहू दे. मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. दार उघडंच होतं. सुमनबाईंच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वत्सलाबाई सोफ्यावर बसल्या होत्या, नवीन येणारी मुलगी बघायला म्हणून मुद्दाम आल्या होत्या. तू चपला बाहेर काढल्यास, डोक्यावरचा पदर सारखा केलास, आणि हात जोडून, जन्मभर म्हणत आलीस तसं, “जय भीम, ताई” म्हणालीस.

फार तर दोन सेकंद गेले असतील. वत्सलाबाईंनी सुमनबाईंकडे बघितलं, सुमनबाईंनी माझ्याकडे. रागानं नाही, नुसतं, विचारल्यासारखं. आणि मी म्हणाले, “या लताबाई. माझ्याकडे कामाला येतात. झाडून पुसून घ्यावं म्हणून आणलंय.”

मी ते ठरवून आणलं नव्हतं, आई. पण ते माझ्या तोंडून अडखळत आलं नाही, सरळ आलं, जसं काही आत कुठेतरी तयार होतं. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू बोलशील असं मला वाटलं, निदान मागे वळून जिना उतरशील. तू ‘झाडू कुठं हाय?’ एवढंच विचारलंस. दाराआडचा झाडू घेतलास, पदर खोचलास, आणि आतल्या खोलीपासून सुरुवात केलीस. मी सोफ्यावर बसले. मी बसले होते, आई. वत्सलाबाई मला सोसायटीच्या पाण्याच्या वेळा सांगत होत्या आणि मी मान हलवत होते, आणि माझ्या पायाशी तू फरशी पुसत होतीस. फडकं जवळ आलं तेव्हा तू हळूच म्हणालीस, पाय वर घ्या. मला ‘घ्या’ म्हणालीस.

मग सुमनबाईंनी चहा केला. आम्हाला ट्रेमधून दिला, तुझा गॅलरीत ठेवला, कान तुटलेल्या कपात. कढीपत्त्याच्या डब्याजवळ बसून तू तो प्यायलीस, कप विसळलास आणि तिथंच पालथा घातलास. तो कप कामवालीसाठी होता की जय भीमसाठी, हे मला आता कधीच कळणार नाही. मी ते कळण्याची सोयच ठेवली नाही.

बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. नाशिकरोडला गाडी येईपर्यंत आपण बाकावर शेजारी शेजारी बसलो, तू माझ्यासाठी आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी पिशवीतून काढून माझ्या हातात दिलीस. गाडी आली. तू डब्यात चढलीस आणि दारातून म्हणालीस, “उजेड चांगला हाय घराला.” आई, तू मला मुस्काटात मारली असतीस तर मी घरी जाऊन रडून मोकळी झाले असते. त्या वाक्याचं काय करू, ते मला आजवर समजलेलं नाही. तू खरंच घर बघितलंस. झाडता झाडता, पुसता पुसता, लेकीचं घर कसं आहे ते तू बघून घेतलंस.

त्यानंतर आठवडाभर मी रोज कंपनीत गेले, भाग मोजले, मापं लिहिली. एकदा सगळी चांगली पेटी नापास करून बसले, साहेब ओरडले. तुला फोन केला की तू जेवलीस का, पाळी कोणती, थंडी आहे का, एवढंच विचारायचीस. घराचं नाव नाही. मग रविवारी छायाचा फोन आला. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, वस्तीतल्या बाया घरभरणीला नाशिकला यायचं ठरवत होत्या, गाडी करू म्हणत होत्या, तर काकू म्हणाल्या, तुम्ही जा, मी नाय येणार, तिथं माझं काम नाय. छाया हसत होती. तिला वाटलं, तुझे गुडघे दुखतात म्हणून तू असं म्हणालीस.

फोन ठेवल्यावर मला शाळा आठवली. मी दुसरीत होते. तुला शाळेत पोषण आहाराच्या स्वयंपाकाचं काम नुकतंच मिळालं होतं आणि चार दिवस पोरं जेवायला बसली नाहीत. घरून सांगून पाठवलेलं होतं त्यांना. तू चारही दिवस पूर्ण शाळेची खिचडी शिजवलीस. गुरुजी चांगले होते, तेच म्हणाले, लताबाई, तुम्ही भांडी तेवढी बघा, स्वयंपाकाला दुसरी बाई बघू, उगाच वाद नको. तू म्हणालीस, “माझं नाव लता भिकन निकम. ऑर्डर स्वयंपाकाची हाय.” ओरडली नाहीस, नुसतं सांगितलंस. त्या रिकाम्या पडवीत मी एकटी ताट घेऊन बसायचे आणि तू मला वाढायचीस. सगळी शाळा खिडक्यांतून बघायची. पाचव्या दिवशी आधी तीन पोरं आली, मग बाकीची. आई, मी सात वर्षांची होते आणि मला तेव्हा जरासुद्धा लाज वाटली नव्हती. उलट तुझ्या हातात पळी होती म्हणून मला कोण मोठेपणा वाटत होता. ती मुलगी कुठे गेली ते मी त्या रविवारी बसून शोधत होते. एकदम गेलेली नाही ती. एकेका खोलीत थोडी थोडी राहिली.

गेल्या आठवड्यात, सोमवारी, पहिली पाळी सुटल्यावर मी कंपनीच्या गेटवरून सरळ सुमनबाईंकडे गेले. गुरुवारी खरेदीखत होणार होतं, रजिस्टर ऑफिसची वेळ मिळालेली होती. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ये अंजू, बरी आलीस. मी उभ्यानंच सांगितलं. म्हणाले, “काकू, त्या दिवशी आल्या होत्या त्या माझ्याकडे कामाला येत नाहीत. ती माझी आई आहे. आम्ही बौद्ध आहोत.” त्यांचा हात ताटातच थांबला. मी वाट बघत होते, काहीही बोलल्या असत्या तरी चाललं असतं. शेवटी त्या म्हणाल्या, “आणि तू तिला फरशी पुसू दिलीस?”

त्यांनी जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. मी निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरामणभाऊचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता. बाईंनी व्यवहार मोडला, विसार परत देताहेत, म्हणाला. मी विचारलं, कारण काय सांगितलं. तो सांगेना, मग सांगितलं, “बाई म्हणतात, जातीचं आमच्याकडं काही नाही. पण जी पोरगी सख्ख्या आईला कामवाली म्हणते, तिला घर द्यायला मन होत नाही.” मग म्हणाला, “ताई, कशाला सांगायला गेलात? दोन दिवसांचा प्रश्न होता.” आई, मी मशीनच्या आवाजात उभी होते, दुसऱ्या कानावर हात ठेवून. त्यांनी जातीवरून नकार दिला असता तर मला भांडता आलं असतं. निदान चार जणींना सांगता आलं असतं. आता मी कुणाला काय सांगू? त्या म्हणाल्या ते खरं आहे. आणि ते खरं आहे म्हणूनच त्यांना ते किती सोयीचं पडलं, हेही खरं असेल. मी पहिल्याच दिवशी, पोह्यांची बशी हातात असताना, सरळ सांगितलं असतं तर त्यांनी घर दिलं असतं का? कदाचित दिलं असतं. कदाचित त्या तेवढ्या चांगल्या होत्याही. मी त्यांना ती संधीच दिली नाही, आणि तुला तर नाहीच नाही.

तेव्हापासून डोकं चालत नाही. जेवण समोर घेते आणि झाकून ठेवते. कामावरून आले की या खोलीत बसून राहते. अर्धं सामान बांधून झालंय, कारण गुरुवारी खरेदी झाली की रविवारी न्यायचं होतं. परवा नवीन जोडपं माप घ्यायला आलं होतं, त्यांचा पलंग मावतो का बघायला. ती मुलगी माझ्याहून लहान आहे. तिनं विचारलं, ताई, तुमचं स्वतःचं घर झालं ना, कुठे घेतलंत? मी म्हणाले, झालं नाही. निदान एवढं तरी खरं बोलले. फोटो मी कपाटातून काढून टेबलावर ठेवला होता. तिनं बघितला, काही म्हणाली नाही. आता म्हटलं असतं तरी काय, खोली तर सुटलेलीच आहे. यात काही हिंमत नाही, हे मलाही कळतं.

हिरामणभाऊ अजून फोन करतो. पाथर्डी फाट्याकडे एक आहे म्हणतो, नवीन बिल्डिंग, कुणी काही विचारत नाही. मी बघते म्हणून टाळते. खरं सांगू? मला आता घराच्या दाराशी उभं राहायची भीती वाटते. समोरच्यानं विचारलं तर मी काय बोलेन याची मला खात्री नाही. एकदा ते तोंडून सरळ आलं, पुन्हाही येईल. दुसऱ्याची भीती वाटायची तेव्हा निदान स्वतःच्या बाजूनं कुणीतरी होतं. आता तेही नाही.

आई, मी माफी मागायला हे लिहीत नाही. माफी मागितली की तू ‘जाऊ दे’ म्हणशील, आणि ते तुला म्हणावं लागेल, आई आहेस म्हणून. तेवढंही ओझं तुझ्यावर नको. मी लिहिते आहे ते वेगळ्याच कारणासाठी, आणि एवढी पानं झाली तरी ते लिहायला हात उठत नव्हता. एकतीस तारखेला ही खोली रिकामी करायची आहे. मोहिनीकडे सासू सासरे आहेत, बाकी कुणाकडे जाऊ असं मला ठिकाण नाही, आणि खरं म्हणजे मला दुसरीकडे जायचंही नाही. कंपनीत मी नऊची पाळी मागून घेतली आहे, नांदगावहून रोज रेल्वेनं येजा करता येईल, पुष्कळ जण करतात. तीस तारखेला शुक्रवार आहे. संध्याकाळच्या गाडीनं मी येईन, दोन बॅगा आहेत फक्त. तुला नको असेल तर छायाकडून एक फोन करव, मी समजून घेईन, कारण विचारणार नाही. आणि येऊ दिलंस तर स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन. वस्तीतल्या बाया ओट्यावर बसलेल्या असतील त्या वेळी. बॅगा बघून कुणी तुला विचारलं, लताबाई, ही कोण आली, तर तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग. मी बाजूला उभी राहीन.

तुझीच,
अंजू